२००५ ची रेघ

‘‘ताई, हे सगळं खरं असेल हो, पण रेड अलर्ट आला म्हणजे मी घरात नेमकं काय करायचं?’’

पुरानंतरच्या पहिल्याच जूनमधली, म्हणजे २०२२ मधली ही गोष्ट. चिपळूणजवळच्या एका वाडीत बचत गटाच्या बायकांसमोर मी ‘हवामान बदल आणि आपण’ या विषयावर बोलत होते. तयारी जय्यत होती. ध्रुवावरचा वितळणारा बर्फ, त्यावर केविलवाणं उभं असलेलं पांढरं अस्वल, जगाचं तापमान किती वाढलं, सगळं वहीत मुद्देसूद लिहून नेलं होतं. बायका ऐकत होत्या. म्हणजे, आलेल्या पाहुणीचा मान ठेवायचा म्हणून ऐकतात ना, तशा. एकीचं लक्ष आत उकळणाऱ्या चहाकडे, दुसरीचं मांडीवरच्या मुलाकडे. आणि मग भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईनं हा प्रश्न विचारला.

मला उत्तर देता आलं नाही. ‘‘सावध राहायचं, प्रशासनाच्या सूचना पाळायच्या,’’ असं काहीतरी मी बोलले. तिनं मान डोलावली. तिला काही मिळालं नाही हे तिलाही कळलं आणि मलाही. परतीच्या रिक्षात मला त्या पांढऱ्या अस्वलाचा अगदी राग आला. बिचाऱ्याचा काय दोष म्हणा!

मी बी.ए. मराठीवाली. विज्ञानाशी माझं नातं दहावीच्या निकालाबरोबर संपलं. लग्न होऊन चिपळुणात आले, मुलं शाळेत जायला लागली, तसा हाताशी थोडा वेळ आला आणि समाजकार्याची ओढही लागली. कापडी पिशव्या शिवून वाटणं, शाडूच्या गणपतीचा प्रचार, शाळेत झाडं लावणं हे सगळं हौसेनं केलं. त्यात काही चुकीचं नव्हतं. पण ज्या संकटाबद्दल मी दहा वर्षं बोलत होते, ते माझ्याच गल्लीत आलं तेव्हा मी काय केलं, हे एकदा मोकळेपणानं सांगायला हवं. या सदरात मी ते आजवर टाळत आले.

२१ जुलै २०२१. आदल्या दिवशी आषाढी एकादशी झाली होती, त्यामुळे घरात पारण्याचा स्वयंपाक होता. पुष्य नक्षत्र लागलं होतं. सासूबाईंच्या हिशेबात पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. पण म्हाताऱ्याचा त्या दिवशीचा जोर काही वेगळाच होता. फोनवर अतिवृष्टीच्या इशाऱ्याचे मेसेज फिरत होते. मी ते वाचले आणि दोन गटांत पुढेही ढकलले. आपण जागृती करतोय, असं त्या वेळी मनापासून वाटत होतं!

आमच्या समोरच्या घरात काकू राहायच्या. तेव्हा त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या, घरात एकट्याच. काका जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. त्यांचं घर तळमजल्याचं, कौलारू, बुटकं. आमच्या घराला वर माडी आहे. रात्री साडेनऊच्या सुमारास काकूंनी खिडकीतून हाक मारली, ‘‘अगो, पाऊस काही खरा दिसत नाही. मी तुमच्याकडे माडीवर झोपायला येऊ का?’’

काकूंच्या माजघरात भिंतीवर एक रेघ होती. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी जिथवर चढलं होतं, तिथे काकांनी गेरूनं ओढलेली, बाजूला तारीख लिहिलेली. साधारण मांडीएवढ्या उंचीवर. त्या पुरानंतर काकूंच्या घरातली प्रत्येक वस्तू त्या रेघेच्या हिशेबानं ठेवलेली. गव्हाची कोठी विटांवर चढवलेली, गाद्या वरच्या फळीवर, देव त्याहून वर. चिपळुणातल्या कित्येक घरांची आणि दुकानांची मांडणी अशीच होती. २००५ ला इथवर आलं, म्हणजे त्याच्यावर काही जायचं नाही.

मी म्हणाले, ‘‘काकू, पावसात कशाला दगदग करता? २००५ पेक्षा जास्त काही येत नाही. झोपा निवांत.’’

पहाटे तीनच्या पुढे कधीतरी दिवे गेले. आम्ही जागे झालो तेव्हा जिन्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. नंतर पाणी असं चढत गेलं की मोजायला वेळ मिळाला नाही. बाजारपेठेत माणूस बुडेल एवढं पाणी, रस्त्यातून गाड्या आणि गॅस सिलिंडर तरंगत चाललेले. काकू आधी पाटावर, मग टेबलावर, मग कोठीवर आणि शेवटी माळ्यावर चढल्या. आम्ही आमच्या गॅलरीतून हाका मारत होतो. मधे फार तर पंधरा-सोळा फुटांची गल्ली, पण तिच्यातून जी धार चालली होती तिच्यात उतरायची कुणाची छाती नव्हती. दुपारी चारच्या पुढे गल्लीतल्या दोन मुलांनी दोर बांधून, कौलं काढून त्यांना बाहेर काढलं. त्या माळ्यावर बारा तास होत्या. अंगावरचं लुगडं, हातात औषधांची पुरचुंडी. बाकी काही नाही.

काकूंचा जीव वाचला. त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेत डोंगर खाली आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. खेड तालुक्यात पोसरेलाही दरड कोसळली. महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला. त्या मानानं आमची गल्ली नशीबवानच म्हणायची. पण पाणी ओसरल्यावर माजघरातल्या चिखलात उभं राहून मी भिंतीकडे बघितलं तेव्हा नवीन पाण्याची खूण काकांच्या रेघेच्या वर चांगली पाच फूट होती. काकूही बघत होत्या. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, आजवर बोललेल्या नाहीत. दसऱ्याआधी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तेव्हापासून ते घर बंद आहे.

तर त्या बचत गटातल्या बाईचा प्रश्न माझ्या का जिव्हारी लागला, ते आता तुमच्या लक्षात येईल. इशारा माझ्यापर्यंत आला होता. मी तो वाचला होता, पुढे पाठवला होता. पण त्या इशाऱ्याचा अर्थ मला कळत नव्हता आणि २००५ ची रेघ मात्र कळत होती. माणूस कळणाऱ्या गोष्टीवरच विश्वास ठेवतो.

मग मी शिकायला बसले. लेकीच्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकापासून सुरुवात केली, म्हटलं तर हसाल. हवामान खात्याचे रंग चार. हिरवा म्हणजे काळजीचं कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. नुसतं ‘सावध राहा’ हा अर्थ लाल रंगाचा नाहीच. सावध पिवळ्यालाच व्हायचं असतं. रंग ठरवताना किती पाऊस पडणार याबरोबर त्यानं काय नुकसान होऊ शकतं, तेही बघतात. पण पावसाचा ढोबळ हिशेब असा: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोराचा पाऊस, ११५.६ च्या वर त्याहून जोराचा आणि २०४.५ च्या वर गेला की सगळ्यांत वरची पायरी.

आता मिलिमीटर म्हटलं की आम्हा बायकांना काय कळणार? ब्लाऊजचं मापसुद्धा आम्ही इंचात सांगतो. इथे माझ्या मदतीला धावून आली बादली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे इतकं सोपं आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. दहा बाय दहाची खोली घ्या, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते तेवढी. तेवढ्या अंगणावर ६५ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सरकारदरबारी जिला अतिवृष्टी म्हणतात ती झाली, की वीस लिटरच्या तीस बादल्या पाणी पडतं. २०४ मिलिमीटरला ९५ बादल्या. आणि २०२१ च्या त्या पुरात महाबळेश्वरला २४ तासांत जो सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच्या पावणेतीनशे बादल्या. एका खोलीएवढ्या जागेवर! आता सगळा सह्याद्री डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या पश्चिम उतारावरून आमच्या अंगावर येणारी वाशिष्ठी आठवा.

पुढच्या बैठकीत मी वही नेलीच नाही. बादली नेली. ‘‘पंच्याण्णव?’’ एक आजी म्हणाल्या, ‘‘अंगणभर पंच्याण्णव बादल्या ओतल्या तर माझा गोठा ऱ्हायचा नाय.’’ बस्स. एवढ्या एका वाक्यात जे झालं, ते माझ्या दहा वर्षांच्या भाषणांत झालं नव्हतं.

साहजिकच पुढचा प्रश्न आला, पाऊस तर आपल्याकडे पूर्वीही पडायचा, मग आता वेगळं काय? याचं उत्तर समुद्रात आहे. हवा जितकी गरम, तितकं जास्त बाष्प तिच्यात मावतं, एका अंशामागे साधारण सात टक्के. आपला अरबी समुद्र तापत चाललाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये सांगितलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिजोराच्या पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या आहेत आणि त्याचं बाष्प येतं ते या तापलेल्या समुद्राकडून. म्हणजे गोळा करून ठेवायचं आणि एकदम ओतायचं, असं पावसाचं झालंय. वादळांचंही तेच. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’, वर्ष उलटायच्या आत मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’. पूर्वी चक्रीवादळ ही आम्हाला पूर्वेकडच्या किनाऱ्याची बातमी वाटायची.

खरं तर बायकांना हे सांगायची गरजच नाही, त्यांना ते वाळवणावरून कळतं. कोकणात मे महिना म्हणजे बेगमीचा. रातांबे फोडायचे, आमसुलांना पुटं द्यायची, फणसपोळी, आंबापोळी, सांडगे, मिरगुंडं. या सगळ्याला खणखणीत ऊन लागतं, सलग. २०२५ च्या मे महिन्यात काय झालं आठवा. मे महिनाभर वळवाचा धुमाकूळ आणि २५ तारखेला तर मोसमी पाऊसच महाराष्ट्रात दाखल. आमच्या एका गटाची आमसुलं बुरशी येऊन गेली. हा त्यांचा वर्षाचा धंदा. ‘हवामान बदल’ हा शब्द त्यांनी ऐकला नसेल, पण बुरशी आलेलं आमसूल त्यांनी हातात धरलंय. आता मी सुरुवातच तिथून करते. ‘‘यंदा वाळवणाचं काय झालं?’’ विचारलं की पुढचा तास मला बोलावं लागत नाही.

डोंगराचा विषय मात्र अवघड आहे, तिथे माझी जीभ अडखळते. पुराची कारणं काढायला बसलं तर प्रत्येक जण वेगळं बोट दाखवतो. कोयनेच्या वीजघरातून सोडलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, ते एक. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे खाडीला उधाण. पाणी बाहेर जाईना, ते दुसरं. नदी गाळानं भरलेली, ते तिसरं. हा गाळ येतो कुठून? वरच्या उघड्या पडलेल्या डोंगरांवरूनच. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं. ठेकेदार येतो, उभा माळ विकत घेतो, ट्रक भरून लाकूड जातं. झाडाच्या मुळांनी धरलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला आणि तिथून नदीला.

‘‘झाडं विकू नका’’ हे मी एकदा एका वाडीत बोलून बसले. तिथली एक बाई शांतपणे म्हणाली, ‘‘वैनी, पोरीच्या लग्नाला पैसे तुमी देनार का?’’ काय बोलणार? ज्याच्या दारात पाणी येतं तो एक आणि ज्याच्या गरजेपायी झाड तुटतं तो दुसरा, आणि दोघंही गरीबच. पश्चिम घाटावर माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ मध्ये अहवाल दिला, त्यातला एक आग्रह मला फार पटतो, की निर्णय गावानं, ग्रामसभेनं घ्यावेत. पण गावापुढे पर्याय तरी हवा ना. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

मात्र एक वाट सापडली ती आसाममुळे. तिथल्या पूर्णिमादेवी बर्मन यांच्याबद्दल तुम्ही वाचलं असेल, २०२२ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला. हरगिला नावाचा मोठा करकोचा. दिसायला कुरूप, घाण खाणारा, अपशकुनी म्हणून लोक त्याची घरट्याची झाडं तोडायचे. या बाईंनी भाषणं दिली नाहीत. घरट्यात अंडी-पिल्लं व्हायची वेळ आली, की गावातल्या बायकांना जमवून त्या पक्षिणीचं चक्क डोहाळजेवण करायचं! गाणी, खाणंपिणं, सगळं गर्भारशीला करतात तसं. मग साड्यांवर हरगिला विणायचा. आज तिथे हजारो बायकांची ‘हरगिला आर्मी’ आहे आणि त्या आपल्या परसातलं घरट्याचं झाड तोडू देत नाहीत.

हे वाचून मला आमचा धनेश आठवला. मोठ्या चोचीचा, उडताना पंखांचा आवाज लांबवर ऐकू येतो तो. देवराईतल्या जुन्या बेहड्याच्या किंवा आंब्याच्या ढोलीत मादी शिरते, आतून तोंड लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला काही महिने खाणं भरवतो. मी हे वाडीत सांगितलं तर बायका म्हणाल्या, ‘‘म्हंजे बाळंतिणीची खोलीच की!’’ आता या बायकांना ढोलीचं झाड म्हणजे पडीक लाकूड असं कुणी सांगून बघावं. त्या वाडीतल्या देवराईच्या कडेचे दोन बेहडे विकायचं ठरत होतं, ते तूर्त थांबलंय. तूर्त, असंच म्हणते. जंगल वाचलं असा दावा मी करत नाही, दोन झाडं उभी आहेत एवढंच.

असो. पुन्हा त्या बाईच्या प्रश्नाकडे येते, कारण तो टाळून चालणार नाही. आता आमच्याकडे ठरलंय ते असं. पिवळा रंग आला की फोन, बॅटरी चार्ज करायची, घरातल्या आजारी माणसाची आठवडाभराची औषधं एका झाकणाच्या डब्यात. नारिंगी आला की रेशनकार्ड, सातबारा, पासबुकं, मुलांचे दाखले घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा वर; गाडी उंचावर; आणि म्हातारी माणसं, गरोदर बाई, अपंग माणूस त्याच दिवशी उजेडात हलवायचं. रात्र होण्याची वाट बघायची नाही, ही मी स्वतः मोजलेली किंमत आहे. लाल आला की गॅस बंद, विजेचा मेन स्विच बंद आणि ठरलेल्या घरी जायचं. ठरलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. गल्लीत माडीचं घर कुणाचं आणि तिथे कोण जाणार, हे मे महिन्यातच बोलून ठेवायचं. म्हणजे ऐन वेळी कुणाला ‘मी येऊ का?’ असं विचारावं लागत नाही.

डोंगराखालच्या वाड्यांना रंगाबरोबर डोळेही उघडे ठेवावे लागतात. जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा विजेचा खांब कलला, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, दारं-खिडक्या एकाएकी अडकायला लागल्या, तर तिथे थांबायचं नाही. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. ही नावं आम्ही बैठकीत मुद्दाम घेतो.

आणि डबा. आमच्या दहा जणींच्या घरी अंगणात, झाडाच्या आणि पागोळ्यांच्या लांब, एकेक सरळ उभा स्टीलचा डबा ठेवलेला असतो. तोंड आणि बूड सारख्या मापाचं असलं की झालं. सकाळी साडेआठला शाळेतली मोजपट्टी आत घालून किती मिलिमीटर ते बघायचं, वहीत लिहायचं, पाणी ओतून द्यायचं. पोफळीला माझी नणंद आहे, शिरगावला एका मैत्रिणीचं माहेर. वर डबा भरायला लागला की खाली आम्हाला फोन येतो. हे काही हवामान खात्याला पर्याय म्हणून नाही बरं का! तिथला आकडा ऐकला की तो आपल्या अंगणातला वाटावा, एवढ्यासाठी. माझे यजमान पहिल्या वर्षी म्हणाले, ‘‘डाळीचा डबा कुठे गेला?’’ आता तेच पट्टी घेऊन सगळ्यांच्या आधी अंगणात असतात आणि आकडा मला न सांगता परस्पर मित्रांना सांगतात.

सगळं सुरळीत चाललंय असं समजू नका. मधल्या एका जुलैत दुपारी लाल रंग आला. आम्ही गल्लीतली सहा म्हातारी माणसं माड्यांवर हलवली, रात्रभर जागलो आणि पाणी आलंच नाही. ओट्यालासुद्धा लागलं नाही. सकाळी एक आजोबा म्हणाले, ‘‘उगाच माझी झोप मोडलीत. तुम्हा बायकांना काही उद्योग नाही.’’ पुढच्या वेळी ते आले नाहीत. त्यांची समजूत काढायला मी तीनदा गेले. चौथ्यांदा जाईन. इशारा म्हणजे शक्यता. दहातल्या काही वेळा तो फुकट जाणारच. छत्री नेली आणि पाऊस आला नाही म्हणून आपण छत्री फेकून देतो का? हे त्यांना पटलं असं वाटत नाही, पण चहा मात्र दर वेळी देतात.

सध्या आमचा नवा उद्योग म्हणजे रेघ. काकांनी ओढली होती तशीच, २०२१ च्या पाण्याची, प्रत्येक घराच्या बाहेरच्या भिंतीवर, ऑईलपेंटनं. म्हणजे नव्यानं राहायला येणाऱ्याला, शाळेत जाणाऱ्या पोराला ती रोज दिसेल. आणि तिच्या खाली आम्ही एक ओळ लिहितो, ‘याच्याही वर येऊ शकतं’. तेवढी ओळ विसरू नका, असं रंगवणाऱ्या पोरांना मी चार-चारदा सांगते. गल्लीतल्या एकोणीस घरांपैकी अकरांनी होकार दिला. बाकीच्यांचा नकार आहे आणि कारण उघड आहे, रेघ दिसली की जागेचा भाव पडतो. एका गृहस्थांनी तर तोंडावर सांगितलं, ‘‘तुमची जागृती तुमच्या भिंतीवर करा.’’ त्यांना घर विकून मुलाचं शिक्षण करायचंय. त्यांच्यावर रागावता येत नाही.

काकूंच्या घराचंही तेच होतं. मुलगा विकायच्या खटपटीत आहे. त्यानं फोनवर अगदी नम्रपणे सांगितलं, ‘‘वहिनी, आमच्या भिंतीवर तेवढी नको.’’ मी बरं म्हणाले. मला तर बोलायची सोयच नव्हती.

गेल्या आठवड्यात काकूंचाच फोन आला. आता त्या ब्याऐंशीच्या पुढे आहेत. कानाला कमी येतं, पण पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी फोन करून विचारतात, ‘‘डब्यात किती?’’ मी आकडा सांगते, त्या मोठ्यानं बादल्यांचा हिशेब करतात. या वेळी आकडा सांगून झाल्यावर म्हणाल्या, ‘‘रेघा मारताय म्हणे सगळीकडे. आमच्याकडे मारलीत?’’

मी म्हटलं, ‘‘नाही काकू. दादा नको म्हणाले.’’

जरा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. मग म्हणाल्या, ‘‘त्याला मी सांगते. तू मार गो. ह्यांच्या रेघेच्या वरती मार. घेणाऱ्याला कळू दे, त्याचीही म्हातारी असेल घरात.’’